आयपी नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं मराठवाड्यातले केबलचालक, कंट्रोल रूममधले तंत्रज्ञ आणि सप्ताह, यात्रा, लग्नं, मोंढ्यातले सौदे लाइव्ह दाखवणाऱ्या मंडळींसाठी आहेत. आकडे स्वतः ताडून पाहता येतील असेच दिले आहेत.

स्पीड टेस्ट १०० एमबीपीएस दाखवते, चॅनल फक्त ८ एमबीपीएसचा, तरी चित्र फुटतं. असं का?

कारण स्पीड टेस्ट वेग मोजते आणि व्हिडिओला लागतो नियमितपणा. स्पीड टेस्ट टीसीपीवर चालते. वाटेत पॅकेट गळालं तर टीसीपी ते पुन्हा मागवून घेते, आणि तुमच्यापुढे येतो तो सरासरी आकडा. गळती त्या आकड्यात दिसतच नाही. कंट्रोल रूममधून निघालेला व्हिडिओ बहुतेक वेळा यूडीपीवर असतो. तिथं गळालं ते गेलं.

हिशोब करून पाहा. ८ एमबीपीएसचा एचडी चॅनल म्हणजे सेकंदाला साधारण ७६० पॅकेटं, दर १.३ मिलिसेकंदाला एक. हजारात एक पॅकेट गळत असेल तर वेबसाइट उघडणाऱ्याला पत्ताही लागत नाही, पण तुमच्या चॅनलवर जवळजवळ दर सेकंदाला एक घाव बसतो. आणि घाव त्या क्षणापुरता राहत नाही. पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत, म्हणजे सेकंद-दोन सेकंद, तो फुटका चौकोन पडद्यावर सरकत राहतो. गळती दहा लाखात एकवर आली तरी तासाला दोन-तीन वेळा चित्र हलेल.

म्हणून लाइन घेताना ‘किती एमबीपीएस’ एवढंच विचारू नका. ‘किती पॅकेटं गळतात आणि किती मागेपुढे होतात’ हे स्वतः मोजा. आयपर्फ ३ (नेटवर्क तपासायचा प्रोग्राम) मध्ये यूडीपी चाचणी लावा: दर २० एमबीपीएस, पॅकेटचा आकार १३१६ बाइट, वेळ १० मिनिटं, तीही रात्री ८ ते १० दरम्यान, जेव्हा सगळं गाव मोबाइल हातात घेऊन बसलेलं असतं. दुपारी चारला आलेल्या निकालावर विसंबून लाइन घेऊ नका. नुसत्या पिंगवरही विसंबू नका. ती सेकंदाला एक पॅकेट पाठवते, तुमचा चॅनल ७६०.

एका पॅकेटमध्ये नेमकं काय असतं?

वायरशार्कमध्ये (पॅकेटं पकडून दाखवणारा प्रोग्राम) चालू चॅनलचं एक पॅकेट पकडून उघडा. इथरनेटच्या हेडरनंतर आधी २० बाइटचा आयपी हेडर, मग ८ बाइटचा यूडीपी हेडर आणि त्यानंतर १३१६ बाइटचा माल. आरटीपी (पॅकेटांना क्रमांक देणारा थर) वापरत असाल तर मध्ये आणखी १२ बाइट. मालाचा पहिला बाइट हेक्समध्ये ४७ दिसेल. तिथून बरोबर १८८ बाइट मोजा, पुन्हा ४७. असे सात वेळा. हे एमपेग ट्रान्सपोर्ट स्ट्रीमचे सात डबे. ४७ ही प्रत्येक डब्याची खूण.

खुणेनंतरच्या तीन बाइटमध्ये दोन गोष्टी कामाच्या. एक पीआयडी, म्हणजे हा डबा चित्राचा, आवाजाचा की यादीचा हे सांगणारा क्रमांक. पीआयडी ० वर कार्यक्रमांची मूळ यादी असते, आणि ८१९१ म्हणजे रिकामा डबा, दर कायम राखण्यासाठी भरलेला. दुसरी गोष्ट कंटिन्युइटी काउंटर. त्याच पीआयडीच्या, माल असलेल्या प्रत्येक डब्याबरोबर तो एकेकाने वाढतो, ० ते १५ आणि पुन्हा ०. ५ नंतर एकदम ९ आला तर मधले तीन डबे वाटेत राहिले. बाजारातला प्रत्येक स्ट्रीम ॲनालायझर जी ‘सीसी एरर’ दाखवतो ती हीच. बिघाड शोधताना एवढा एकच आकडा बघायची मुभा असेल तर हा बघा.

आठ डबे का नाही बसवत? आठ गुणिले १८८ म्हणजे १५०४, आणि इथरनेटची मर्यादा १५०० बाइटची. आठवा बसवला की प्रत्येक पॅकेटचे दोन तुकडे होतील, आणि त्यातला एक गळाला तरी दोन्ही वाया. सात बसवले की पीपीपीओई किंवा व्हीपीएनमधूनही पॅकेट अखंड जातं. एन्कोडरच्या सेटिंगमध्ये हा आकडा ७ आहे ना, ते एकदा बघून ठेवा.

मल्टिकास्टला कुठला पत्ता द्यावा?

२३९ ने सुरू होणारा. ती पट्टी खासगी नेटवर्कसाठीच राखून ठेवलेली आहे. मल्टिकास्टमध्ये कंट्रोल रूम एकच प्रत पाठवते. ज्या पोर्टवर कुणी तो चॅनल मागितला, त्याच पोर्टवर स्विच ती प्रत उतरवतो. ५०० घरांनी एकच चॅनल लावला तरी मुख्य लाइनवर ८ एमबीपीएसच जातात. हीच प्रत घरागणिक पाठवली असती तर ४००० लागले असते.

पत्ते ठरवताना एक खाच लक्षात ठेवा. आयपी पत्त्याचे शेवटचे २३ बिटच मॅक पत्त्यात (स्विच ओळखतो तो पत्ता) उतरतात. त्यामुळे २३९.१०.१.१ आणि २३९.१३८.१.१ हे दोन पत्ते स्विचच्या लेखी एकच ठरतात, आणि एक मागितला की दोन्ही चॅनल उतरू शकतात. तसंच २३९.०.०.० आणि २३९.१२८.०.० या पट्ट्या टाळा. त्यांचे मॅक २२४.०.० च्या नियंत्रण पत्त्यांशी जुळतात, आणि ते पत्ते बहुतेक स्विच सगळ्या पोर्टवर सोडतात. २३९.१०.१ खाली एसडी, २३९.१०.२ खाली एचडी आणि शेवटचा आकडा चॅनल क्रमांकाचा, अशी रचना ठेवली तर रात्री दोनलाही डोकं न खाजवता बिघाड शोधता येतो.

मल्टिकास्ट फक्त आपल्या नेटवर्कात चालतं. सार्वजनिक इंटरनेटवरून एका शहरातून दुसऱ्या शहरात ते जाणार नाही.

चॅनल लागतो, चार-साडेचार मिनिटं छान चालतो आणि एकदम काळा होतो. पुन्हा लावला की पुन्हा तेच.

याचं कारण जवळजवळ नेहमी एकच: नेटवर्कात आयजीएमपी क्वेरिअर नाही. सेट-टॉप बॉक्स चॅनल मागतो तेव्हा स्विच त्या पोर्टची नोंद करतो. ती नोंद ताजी राहावी म्हणून कुणीतरी दर १२५ सेकंदांनी ‘हा चॅनल अजून कुणाला हवाय का?’ असं विचारायचं असतं. विचारणारा कुणीच नसेल तर बॉक्स आपणहून पुन्हा सांगत नाही, आणि २६० सेकंदांनी नोंद पुसली जाते. २६० म्हणजे चार मिनिटं वीस सेकंद. घड्याळ लावून मोजा, याच्या आसपास आलं की निदान पक्कं.

उपाय: मधल्या मुख्य स्विचवर व्हिडिओच्या व्हीलॅनसाठी (स्विचवर वेगळं केलेलं जाळं) क्वेरिअर चालू करा आणि त्या व्हीलॅनमध्ये स्विचला आयपी पत्ता द्या. पुष्कळ स्विच पत्ता नसेल तर विचारणाच करत नाहीत. आयजीएमपीची आवृत्ती सगळीकडे एकच ठेवा, साध्या जाळ्याला २ पुरते. ‘फास्ट लीव्ह’ (चॅनल सोडताच नोंद पुसणारी सेटिंग) फक्त अशा पोर्टवर ठेवा जिथं एकच बॉक्स आहे. दोन बॉक्स असले तर एकाने चॅनल बदलताच दुसऱ्याचा बंद पडतो.

हा बिघाड झाला की पुष्कळजण वैतागून आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे स्विचने पोर्टागणिक नोंद ठेवणंच, बंद करतात. चित्र सुरू होतं खरं, पण मग प्रत्येक चॅनल प्रत्येक पोर्टवर धो-धो वाहतो. ३०० एमबीपीएसचा लोंढा १०० एमबीपीएसच्या पोर्टवर आला की सगळंच फुटतं. जिन्याखाली बसवलेला साधा, सेटिंग नसलेला स्विचही हेच करतो.

व्हीएलसीमध्ये पत्ता टाकला तरी काहीच दिसत नाही.

पत्त्याआधी ॲटचं चिन्ह आहे का ते बघा. ‘यूडीपी’, कोलन, दोन तिरप्या रेघा, ॲट, मग पत्ता, कोलन आणि पोर्ट. त्यानंतर लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा. दोन्ही जोडण्या चालू असल्या की मागणी पुष्कळदा वाय-फायवरून जाते आणि माल येतो तारेवर. मग फायरवॉल बघा. एवढ्यावरही नाही दिसलं तर पाठवणाऱ्या बाजूचा टीटीएल (पॅकेट किती राउटर ओलांडेल तो आकडा) बघा. तो १ असेल तर पहिल्या राउटरवरच पॅकेट मरतं. १६ किंवा ३२ ठेवा.

एका गिगाबिट लाइनवर किती चॅनल बसतात?

८ एमबीपीएसचे १०० एचडी चॅनल म्हणजे मालच ८००, हेडर धरून सव्वाआठशेच्या पुढे. तिथंच थांबा. पॅकेटं एकसारख्या अंतराने येत नाहीत. वीस एन्कोडरांनी एकाच क्षणी झोत सोडला की स्विचच्या पोर्टची रांग क्षणभर भरते आणि पॅकेटं सांडतात. सरासरीच्या आलेखात मात्र ७० टक्केच दिसतं. स्विचवर ‘आउटपुट ड्रॉप’चा आकडा बघा. तो वाढत असेल तर लाइन भरली असं समजा.

पुढे केबलवर सोडताना दुसरी मर्यादा लागते. ८ मेगाहर्ट्झच्या क्यूएएम ६४ (केबलवर डेटा चढवायची पद्धत) कॅरिअरमध्ये साधारण ३८ एमबीपीएस बसतात, क्यूएएम २५६ मध्ये ५० च्या थोडं वर. क्रिकेटच्या सामन्याला चॅनलचा दर उसळतो आणि ३७ वर भरलेला कॅरिअर फुटतो. दोन-तीन एमबीपीएस मोकळे ठेवा.

शहरातून तालुक्यापर्यंतच्या फायबरवर काय सांभाळावं?

उजेडाची पातळी, धूळ आणि खोदकाम. छत्रपती संभाजीनगर ते जालना हे साठेक किलोमीटरचं अंतर घेतलं तर १५५० नॅनोमीटरवर किलोमीटरला ०.२ ते ०.२५ डीबी धरून १२ ते १५ डीबी घट होते. जोड आणि कनेक्टरचे त्यात आणखी दोन-तीन. एवढ्यासाठी ८० किलोमीटरचा एसएफपी (फायबर जोडायचा मॉड्यूल) लागतो. पण तोच मॉड्यूल दोन किलोमीटरच्या गल्लीला लावला तर जास्त उजेडाने रिसीव्हर दिपतो आणि चुका येतात. तिथं १० किलोमीटरचाच लावा, नाहीतर मध्ये ॲटेन्युएटर बसवा.

आपल्याकडच्या धुळीत कनेक्टर उघडा ठेवणं फार महागात पडतं. टोपी काढली की जोडण्याआधी क्लीनर पेनने पुसायचंच, नवीन पॅच कॉर्डसुद्धा. पाहिजे तेवढा उजेड असूनही सीआरसी एरर (वाटेत खराब झालेली पॅकेटं) वाढत असतील तर आधी पुसा, मग मॉड्यूल बदला.

दोन वाटा असतील तर एसएमपीटीई २०२२-७ वापरा. तोच आरटीपी स्ट्रीम दोन्ही वाटांनी जातो आणि घेणारा क्रमांक जुळवून पॅकेटागणिक जे सापडेल ते उचलतो. एक वाट तुटली तरी चित्र हलत नाही. मात्र वाटा खरोखर वेगळ्या हव्यात. दोन कंपन्यांच्या केबल एकाच चरातून गेल्या असतील तर रस्ता रुंदीकरणाचा जेसीबी दोन्ही एका फटक्यात तोडतो. करार करण्याआधी नकाशा मागा, आणि शक्य असेल तर मोटारसायकलवर फिरून दोन्ही वाटा डोळ्यांनी बघा.

एफईसी लावावी का?

एफईसी म्हणजे गळालेली पॅकेटं परत उभी करता यावीत म्हणून सोबत जास्तीची पाठवणं. एकच वाट असेल आणि गळती थोडी, विखुरलेली असेल तर जरूर. १० गुणिले १० ची मांडणी घेतली तर दर शंभर पॅकेटांमागे दहा जास्तीची जातात, आणि सलग दहा गळाली तरी ती परत उभी करता येतात. किंमत दोन: १० टक्के जास्त बँडविड्थ, आणि ८ एमबीपीएसच्या चॅनलला शंभर पॅकेटं जमायला लागणारे सुमारे १३० मिलिसेकंद, प्रत्यक्षात त्याहून जास्त. एफईसीची पॅकेटं मूळ पोर्टच्या पुढच्या दुसऱ्या आणि चौथ्या पोर्टवर जातात. फायरवॉलमध्ये तेही उघडा. हे विसरल्यामुळे ‘एफईसी लावली पण उपयोग नाही’ अशी तक्रार पुष्कळ येते.

सप्ताहातलं कीर्तन मोबाइल सिमवरून थेट दाखवायचंय. नीट कसं करावं?

शहरात चांगल्या लाइनवर एखादी जागा असेल तर मांडवातून सरळ यूट्यूबला आरटीएमपी पाठवू नका. आरटीएमपी टीसीपीवर चालतं. सिग्नल डळमळला की रांग साचते आणि एन्कोडर फ्रेम टाकायला लागतो. मांडवातून शहरापर्यंत एसआरटी आणि तिथून पुढे यूट्यूब ही रचना जास्त टिकते. एसआरटी यूडीपीवरच आहे, पण गळालेलं पॅकेट ठरलेल्या वेळेच्या आत पुन्हा मागवते. २०१७ पासून ती मुक्तस्रोत आहे, आणि ओबीएस, व्हीएलसी, एफएफएमपेग या सगळ्यांत मिळते.

मांडवातला एन्कोडर ‘कॉलर’ ठेवा, शहरातला संगणक ‘लिसनर’. उलटं केलं तर चालणार नाही, कारण मोबाइल सिमला सहसा स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो आणि बाहेरून त्याला हाक मारता येत नाही. शहरातल्या लाइनला मात्र स्थिर सार्वजनिक आयपी घ्या आणि राउटरमध्ये तो यूडीपी पोर्ट पुढे वळवा.

एसआरटीची लेटन्सी (गळालेलं पॅकेट परत मागवायला दिलेला वेळ) मूळची १२० मिलिसेकंद असते. मोबाइलसाठी ती फार कमी आहे. नियम असा की पॅकेटच्या जाण्यायेण्याच्या वेळेच्या किमान चौपट. ७० मिलिसेकंद असेल तर २८०. पण टॉवर बदलताना आणि गर्दीत हा वेळ उसळतो, म्हणून सरळ २००० ठेवा. कीर्तनात दोन सेकंद उशिराने कुणाचं काही अडत नाही. चित्र तुटलं तर मात्र अभंगाचा धागा तुटतो. दोन्ही टोकांना वेगवेगळे आकडे असतील तर मोठा लागू होतो.

दर ठरवताना मांडवातच, कीर्तनाच्याच वेळी, अपलोड मोजा आणि निम्मा वापरा. ६ मिळत असेल तर ३. त्यात ७२० पी चित्र आरामात बसतं. आवाजाला मात्र कंजुषी नको, एएसी १२८ केबीपीएसच्या खाली जाऊ नका, १९२ मिळाले तर उत्तम. पखवाजाची थाप आणि टाळाचा नाद कमी दरात चिरकतो, आणि मुंबई-पुण्याला असलेली गावची माणसं हे कीर्तन ऐकण्यासाठीच लावतात. कीफ्रेम (पूर्ण फ्रेम) दर २ सेकंदांनी ठेवा.

डेटाचा हिशोब आधी करा. ३ एमबीपीएस म्हणजे तासाला १.३५ जीबी, आवाज आणि पुन्हा मागवलेली पॅकेटं धरून दीड. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर कीर्तन रंगात येतं आणि तासाभरात वेग आपटतो. दोन तासांचं कीर्तन आणि सात दिवस धरले तर २१ जीबी, वर काल्याच्या कीर्तनाचे वेगळे. रोजची मर्यादा नसलेला पॅक घ्या.

चाचणीच्या दिवशी उत्तम चाललं, यात्रेच्या दिवशीच कसं बंद पडतं?

टॉवरची अपलोड क्षमता सगळ्यांत वाटली जाते. तुळजापूरची नवरात्र असो की पैठणची नाथषष्ठी, हजारो हात एकाच वेळी व्हिडिओ चढवत असतात. एकाच कंपनीची तीन सिमं एकत्र बांधून उपयोग नाही, ती एकाच टॉवरवर भांडतात. वेगवेगळ्या कंपन्यांची घ्या. त्याहून चांगलं म्हणजे त्या चार दिवसांपुरती तारेवरची जोडणी: एखाद्या दुकानाचं ब्रॉडबँड, किंवा ग्रामपंचायतीत भारतनेटचं फायबर चालू असेल तर ते. मांडव तिथून दूर असेल तर ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ लिंक पाण्याच्या टाकीवरून समोरासमोर बसवा. तांब्याची केबल १०० मीटरच्या पुढे ओढू नका.

यूट्यूबवर वीस-वीस सेकंद उशीर का होतो?

प्रेक्षकाकडे व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी जातो. एचएलएसमध्ये ६ सेकंदांचा एक तुकडा धरला आणि प्लेअरने सुरू करण्याआधी तीन साठवले तर १८ सेकंद तिथंच गेले. मोंढ्यातला सौदा बघून कुणी फोनवर बोली लावणार असेल तर ही वाट चालणार नाही. त्यासाठी वेबआरटीसी किंवा सरळ एसआरटी लागते.

आवाज आधी, ओठ नंतर. कसं जुळवायचं?

मिक्सरमधून आवाज सरळ एन्कोडरला येतो. चित्र कॅमेऱ्यात आणि स्विचरमध्ये प्रक्रिया होऊन येतं, म्हणून ते दोन-तीन फ्रेम मागे राहतं. २५ फ्रेमच्या हिशोबाने एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला जाणवायला लागतं. मागे पडला तर सव्वाशेपर्यंत सहसा खपतं. टाळकऱ्याला टाळ वाजवायला सांगून रेकॉर्ड करा, टाळ भिडल्याची फ्रेम आणि आवाजाचा ठोका यांतलं अंतर मोजा आणि तेवढा डिले आवाजाला द्या.

सुरुवातीला जुळलेलं आणि तासाभरात सरकत गेलेलं असेल तर ते दुखणं वेगळं. घेणाऱ्याचं घड्याळ स्ट्रीममधल्या पीसीआरच्या (पाठवणाऱ्याच्या घड्याळाची खूण) मागे चालत नाही. दहा लाखात ३० एवढा फरकही दिवसाला अडीच सेकंद होतो. त्याला डिलेने उपाय होत नाही, डिकोडरच्या क्लॉकची सेटिंग बघावी लागते.

घरात वाय-फायवर आयपीटीव्ही का अडकतो?

वाय-फायवर मल्टिकास्टला पोच नसते, आणि ते सगळ्यांत कमी दराने, पुष्कळदा ६ एमबीपीएसच्याही खाली, सोडलं जातं. त्यात ८ चा चॅनल मावतच नाही. राउटरमध्ये मल्टिकास्टचं युनिकास्ट करण्याची सोय असेल तर चालू करा. नाहीतर बॉक्सला तार द्या.

उन्हाळा, वीज आणि लाईट जाणं, यांचं काय?

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो. पश्चिमेच्या उन्हात टांगलेल्या लोखंडी पेटीत त्याहून कितीतरी जास्त. साधा एसएफपी ७० अंशांपर्यंतचा असतो, औद्योगिक दर्जाचा ८५ पर्यंत. बाहेरच्या पेटीत दुसराच लावा आणि पेटीला सावली करा. रोज दुपारी दोन ते पाच चित्र फुटत असेल आणि रात्री ठीक असेल तर पेटीला हात लावून बघा.

दोन इमारतींमध्ये तांब्याची तार ठेवू नका. मृगाच्या आधीच्या वादळात दूरवर पडलेली वीजही पोर्ट जाळते. तिथं फायबरच हवं. आणि यूपीएस फक्त कंट्रोल रूमला देऊन भागत नाही. वाटेतल्या प्रत्येक स्विचला हवा. तो पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि तेवढा वेळ त्याच्या पुढची सगळी घरं काळी.

बिघाड आला तर कुठून सुरुवात करावी?

उगमापासून. एन्कोडरच्या तोंडाशी लॅपटॉप लावून सीसी एरर बघा. तिथंच असतील तर दोष डिश, रिसीव्हर किंवा एन्कोडरचा, नेटवर्कला हात लावू नका. तिथं शून्य असतील तर एकेक स्विच पुढे सरका. ज्या टप्प्यावर शून्याचा आकडा वाढायला लागतो, त्याच्या अलीकडची तार, मॉड्यूल किंवा पोर्ट गुन्हेगार. त्या पोर्टवर सीआरसी एरर असतील तर तार, कनेक्टर किंवा उजेड. आउटपुट ड्रॉप असतील तर लाइन भरली आहे. लेट कोलिजन दिसत असतील तर डुप्लेक्सचा घोळ: एका बाजूला १०० फुल पक्कं केलेलं आणि दुसरी ऑटोवर असली की दुसरी हाफवर पडते. दोन्ही ऑटोवर करा. काउंटर शून्य करून पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, जुने आकडे फसवतात. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वेळेसकट वहीत लिहा.